दोन्हीकडची पोरं

कुरणगावच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेर एक फळा आहे. एकतीस वर्षं त्या फळ्यावर अण्णाप्पा मगदूम जग लिहीत आले.

रोज सकाळी सहाच्या एसटीतून सांगलीहून पेपरचा गठ्ठा येई. अण्णाप्पा वाचनालयाचं कुलूप काढत, दोन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, तीन बातम्या निवडत आणि खडूनं फळ्यावर उतरवत. अक्षर घोटीव. त्याखाली एक आडवी रेघ. रेघेखाली दोन शब्द कायमचे रंगवलेले होते, 'वाचकाचे मत'. तिथं कुणीही दोन ओळी लिहाव्यात असा नियम होता. अट एकच. खाली सही करायची.

हा नियम त्यांनीच केलेला. सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी सरपंचाबद्दल वाईटसाईट लिहून पसार झालं होतं. तेव्हापासून सही. सहीची अट आली आणि गावातली मतं संपली. पारावर, डेअरीत, सलूनमध्ये मतांना तोटा नव्हता. फळ्यावर यायला कुणी तयार नव्हतं. मग रोजचं मत अण्णाप्पाच लिहू लागले. खाली सही, अ. भ. मगदूम.

त्यांचं खतं-औषधांचं दुकान होतं. सांगलीच्या कॉलेजात एक वर्ष काढून ते वडिलांच्या गल्ल्यावर बसले, ते तिथंच. प्रवास म्हणाल तर जैनांची दोन तीर्थं, कुंभोजचा बाहुबली आणि एकदा श्रवणबेळगोळ. पण भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि जीभ तिखट होती. परदेशात कुणी राष्ट्राध्यक्ष निवडून आला की हे लिहीत, 'निवडून येणे सोपे. उद्यापासून काम आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही.' तेलवाल्या देशांनी दर वाढवले की लिहीत, 'गावकऱ्यांनी सायकली पुसून ठेवाव्यात. ज्यांनी विकल्या त्यांनी आमचे जुने मत आठवावे.' लोक हसत. काही चिडत. चिडलेल्यांना अण्णाप्पा खडू पुढं करत. घ्या, लिहा, सही करा. खडू कुणी घेत नसे.

आधी फळा चाळीसेक माणसं वाचायची. समोर मोबाईलचं दुकान टाकलेला सिद्धू रोज सातला फळ्याचा फोटो काढून 'आपलं कुरणगाव' ग्रुपवर टाकू लागला आणि वाचणारे हजारावर गेले. तिथं सही लागत नव्हती.

गेल्या मे महिन्यात सीमेवर चार दिवस तोफा चालल्या. कुरणगावातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी फौजेत आहे. त्या चार दिवसांत पोरांचे फोन बंद होते. सुभेदार लालासाहेब मोहित्यांचा वीरधवल तोफखान्यात. लालासाहेब स्वतः अठ्ठावीस वर्षं नोकरी करून आलेले, वाचनालयाचे अध्यक्ष, अण्णाप्पांचे पहिलीपासूनचे दोस्त. ते चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत.

त्यांच्या पत्नी मात्र रोज सकाळी फळ्यापाशी येत. बनुबाई दूध घालायला डेअरीकडं निघत आणि वाटेत वाचनालयाच्या पायरीवर किटली टेकवत. प्रौढांच्या वर्गात त्या उतारवयात अक्षरं शिकल्या होत्या. ओठ हलवत, एकेक शब्द पकडून वाचायच्या. फळा लिहून व्हायच्या आत आल्या की विचारायच्या,

"अण्णा, थांबलं का?"

"न्हाई वैनी."

चार दिवस हेच. रविवारी अण्णाप्पा म्हणाले, "थांबलं. काल संध्याकाळी पाचला."

बनुबाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. दोन्हीकडची पोरं घरी जातील आता. तिकडं बी आया असतीलच की." एवढं बोलल्या आणि दचकल्या. पदर सारखा केला. "ह्येंच्या कानावर घालू नगा हां. मी म्हनले म्हनून."

"न्हाई घालत."

बनुबाई गेल्या. अण्णाप्पांनी खडू घेतला आणि रेघेखाली लिहिलं, 'शस्त्रसंधी झाली. बरे झाले. दोन्हीकडची पोरे आता घरी जातील.' खाली आपली सही केली. सहीची अट आल्यापासून पहिल्यांदाच फळ्यावर दुसऱ्या वाचकाचं मत आलं, या विचारानं त्यांना बरं वाटलं. हात झटकून ते दुकान उघडायला गेले.

आठच्या सुमारास लालासाहेब दुकानात आले. दाढी चार दिवसांची. मागं सिद्धू आणि आणखी पाचसहाजण.

"अण्णा, त्यो शब्द पूस."

"कुठला?"

"दोन्हीकडची. आपली म्हन. आपली पोरं घरी जातील, एवढंच लिव. मी सोता तुला च्या पाजतो."

"फळ्यावरचं मी पुसत न्हाई, लाला. तुला ठाव हाय. उद्या सकाळी नवीन लिहीतच असतो की."

"उद्याचं सांगू नगं. आत्ता पूस."

"तुझं मत वेगळं असंल तर खाली जागा हाय. लिव. सही कर."

हे अण्णाप्पांनी म्हणायला नको होतं. लालासाहेबांचा चेहरा आक्रसला. "माझं पोरगं तिकडं तोफंवर उभं हाय. तुमचं सांगलीत इश्रामबागेत एसीत बसलंय. तुमी मला सही शिकवू नका."

अण्णाप्पांना शब्दांपेक्षा 'तुमी' लागलं. साठ वर्षांत लालासाहेब त्यांना कधी अहोजाहो बोलले नव्हते.

सिद्धू मागून म्हणाला, "कुंभोजच्या पलीकडं गेलं न्हाईत आन जगाला अक्कल शिकिवत्यात."

दुसरा म्हणाला, "अहिंसा हाय गड्या त्यांची. अळी माराय औषध देताना म्हनत असतील, जा बायांनो, दोन्हीकडच्या अळ्या घरी जावा."

सगळे हसले. अण्णाप्पांनाही एरवी हसू आलं असतं. टोमणा चांगला होता आणि खोटा नव्हता. त्यांनी दुकानातल्या औषधाच्या बाटल्यांकडं एकदा पाहिलं.

एक वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं. लाला, ही ओळ तुझ्या घरातली आहे. ते त्यांनी गिळलं.

मग गावानं जे करायचं ते केलं. ग्रुपवर दिवसभर शिव्या पडू लागल्या. ज्यांनी जन्मात पेपर उघडला नाही तेही त्यात होते. दुकानापुढून माणसं खाली मान घालून जाऊ लागली आणि खताची पोती सांगली रस्त्यावरच्या दुकानातून आणू लागली. अण्णाप्पा सलूनमध्ये शिरले की खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनं आरशातून बघायचा. एका सकाळी फळ्यावर शेण फासलेलं होतं. त्यांनी धुऊन बातम्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी 'वाचकाचे मत' खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाकिस्तानात जावा'. अण्णाप्पांनी ते पुसलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सही राहिली.'

त्यानं गाव जास्तच पेटलं.

पुण्याला काही कामानं गेलेला त्यांचा मुलगा भरतेश तिथून फोन करून म्हणाला, "बाबा, तुमचं ते बोर्डचं बंद करा. माझ्या ऑफिसात लोकांना फळ्याचे फोटो आलेत." अण्णाप्पा म्हणाले, "बरं," आणि सकाळी पुन्हा फळ्यावर गेले.

बनुबाई सकाळी यायच्या थांबल्या. डेअरीकडं जाताना पलीकडच्या गल्लीनं जायच्या.

चार महिने असे गेले. त्या चार महिन्यांत ते गिळलेलं वाक्य अण्णाप्पांनी रोज मनात उच्चारलं. कधी शांतपणे, कधी सगळ्या गावासमोर. वाक्य इतकं गुळगुळीत झालं की त्याची चव यायला लागली. आपण गप्प आहोत म्हणून एक घर शाबूत आहे, हे त्यांना आवडू लागलं होतं. लालासाहेब समोरून गेले की मनात म्हणायचे, बघ, तुला काय ठाव.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. अण्णाप्पांनी दहा दिवस एकभुक्त राहून पूजा केली. मग क्षमावणी. त्या दिवशी जैनांनी एकमेकांची क्षमा मागायची असते. अण्णाप्पांची रीत थोडी वेगळी होती. मंदिरातून निघाले की ते जैन गल्ली सोडून गावात जायचे. वर्षभरात ज्याच्याशी फळ्यावरून वाजलं असेल, त्याच्या दारात उभं राहून हात जोडायचे. गावाला ते पाठ होतं. "आज अण्णांचा माफीचा दौरा हाय," असं म्हणून बायका चहाचं आधण ठेवायच्या. लालासाहेबांचं घर शेवटचं. लालासाहेब मांडी ठोकत म्हणायचे, "केलं गा माफ. उद्यापासनं कर परत चालू." आणि दोघं फरसाण खात बसायचे.

"या वर्षी मोहित्यांकडं जाऊ नका," गुणमाला म्हणाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना क्वचित अडवलं होतं.

"ज्यांच्याशी भांडलोच न्हाई त्यांची क्षमा मागून काय करू?"

"आवं, ते दिवस ऱ्हायले न्हाईत."

अण्णाप्पा गेले.

लालासाहेब घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. सिद्धू आणि दोघंतिघं होते. अण्णाप्पांनी पायातलं काढलं, उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहून हात जोडले.

"वर्षभरात माझ्या बोलण्यानं, लिहिण्यानं तुमच्या मनाला लागलं असंल, तर क्षमा करावी. उत्तम क्षमा."

दरवर्षीचेच शब्द. लालासाहेबांनी मांडी ठोकली नाही. ते सिद्धूकडं वळले.

"आलं का रं?"

"आलं की आबा. आवाज बी ब्येस आलाय."

सिद्धूच्या हातात मोबाईल उभा होता. आतल्या दारात बनुबाई चहाचा कप घेऊन थबकल्या होत्या. कप पुढं आला नाही. अण्णाप्पा चपला घालून परतले. घरी पोचायच्या आत व्हिडिओ गावभर झाला होता. वर लिहिलं होतं, 'अखेर माफी मागितली.'

दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब दुकानात आले. एकटे. स्टुलावर बसले नाहीत.

"उद्या सकाळी फळ्यावर लिवा. मे महिन्यातले मत मागे घेतो. तुमच्या अक्षरात, खाली सही. मग विषय मिटला. न्हाईतर वाचनालयाची किल्ली माझ्याकडं द्या."

"मी मत मागं घेतलेलं न्हाई, लाला."

"मग काल माझ्या दारात काय मागितलं?"

"तुझं मन दुखलं, त्याची क्षमा."

"कशानं दुखलं?"

"त्या ओळीनं."

"म्हंजे ओळ चुकली."

"दुखलं हे खरं. ओळ बी खरी."

लालासाहेब जायला वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग माफी खोटी. सनाच्या दिवशी, देवळातनं येऊन, तुमी माझ्या उंबऱ्यावर खोटं बोलला." पायरी उतरताना थांबले. "चार दिवस मी फोन हातात धरून बसलो हुतो. घास उतरत नव्हता. आन पाचव्या दिवशी माझ्या दोस्तानं त्यांची बी पोरं मोजली. उद्या सकाळी सातला येतो."

अण्णाप्पा गल्ल्यावर बसून राहिले. शिव्या त्यांना लागल्या नव्हत्या, शेण लागलं नव्हतं. हे लागलं.

जेवताना गुणमाला म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? क्षमा मागायची आणि ती ओळ मात्र धरून ठेवायची. मुनी महाराजांपुढं असं म्हणाल का?"

"तू पण?"

"मी आधी सांगितलं होतं, जाऊ नका. गेलात. आता लिहून टाका. एक ओळ आहे."

"तुला त्या ओळीचं काय वाटतं?"

"मला कुणी विचारलं का कधी?" गुणमालानं ताट उचललं. "एकतीस वर्षं फळ्यावर वाचकाचं मत लिहिताय. घरातल्या वाचकाला एकदा तरी विचारलंत?"

अण्णाप्पा हात धुवायला उठले.

सकाळी त्यांनी नेहमीसारखं कुलूप काढलं. पेपर वाचले. बाहेर माणसं जमू लागली होती. वीसेक असतील. एरवी फळा वाचायला एवढी एकदम कधी आली नव्हती. सिद्धू मोबाईल घेऊन पुढंच होता. लालासाहेब इस्त्रीच्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल.

अण्णाप्पांनी तीन बातम्या लिहिल्या. परदेशातल्या एका निवडणुकीची, साखरेच्या निर्यातीची आणि दूरच्या एका लढाईची. ती लढाई थांबलेली नव्हती. मग आडवी रेघ ओढली. खडू रेघेखाली नेला आणि थांबले.

"लिवा," लालासाहेब म्हणाले.

"हात थरथराय लागला वाटतं," कुणीतरी मागून म्हणालं.

"शब्द आठवत नसंल तर सांगा, आमी सांगतो."

अण्णाप्पांनी मागं वळून पाहिलं. गर्दीच्या कडेला बनुबाई उभ्या होत्या, हातात रिकामी किटली. आज त्या याच गल्लीनं आल्या होत्या. अण्णाप्पांना वाटलं, आता त्या बोलतील. चार महिने जपलेलं वाक्य त्यांना स्वतःला बोलावं लागणार नाही.

बनुबाई बोलल्या. "लिवा की अण्णा. कशापायी ताणताय? मागं घेतो म्हना. एवढं काय हाय त्या वळीत?"

त्या अण्णाप्पांकडं बघत नव्हत्या. फळ्याकडं बघत होत्या.

"ऐका," लालासाहेब म्हणाले. "आमच्या घरातल्या बाईला कळतंय."

अण्णाप्पा फळ्याकडं वळले. अंगातलं काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं. चार महिने त्यांनी दुसऱ्याची ओळ सांभाळली होती. शिव्या खाल्ल्या त्या तिच्यासाठी, गप्प राहिले ते तिच्यासाठी. सोपं होतं ते. आता जिची ओळ तिनं ती खाली ठेवली होती. मागं घ्यायला कुणाची हरकत नव्हती, बनुबाईंचीही नाही. घर शाबूत राहणार होतं, दुकानात गिऱ्हाईक येणार होतं, लाला पुन्हा तू म्हणणार होता. आणि उंबऱ्यावर मागितलेली क्षमा खरी ठरणार होती.

फक्त एक प्रश्न राहत होता. तो त्यांनी मे महिन्यापासून स्वतःला विचारलाच नव्हता. हे माझं मत आहे का?

समोर तिसरी बातमी त्यांच्याच अक्षरात होती. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

मग लिहिलं, 'दोन्हीकडची पोरे घरी जावीत.' आणि सही केली, अ. भ. मगदूम.

सिद्धूचा मोबाईल वर होता, पण त्यानं फोटो घेतला नाही. काय करायचं हे त्यानं लालासाहेबांकडं बघून ठरवायचं होतं आणि लालासाहेब हलत नव्हते.

"म्हंजे खोटीच," अखेर लालासाहेब म्हणाले.

"न्हाई. ती खरी होती. पुन्हा मागायला येईन."

"माझ्या दारात पाऊल ठेवू नका."

"बरं."

लालासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. वाचनालयाच्या माठातून एक तांब्या पाणी घेऊन त्यावर ओतलं. फळ्यापाशी गेले आणि खालची ओळ पुसू लागले. उजवीकडून डावीकडं. आधी सही गेली. मग जावीत. मग घरी. ओले पांढरे ओघळ खाली भिंतीवरून गेले. माणसं एकेक करून पांगली. जाताना कुणीतरी अण्णाप्पांच्या पायाजवळ थुंकलं. कोण ते त्यांनी पाहिलं नाही.

अण्णाप्पांनी खडूचा डबा पायरीवर ठेवला. त्यावर किल्ली ठेवली.

बनुबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांचं वाचन सावकाश. टॉवेल फिरला तेव्हा त्या जेमतेम पहिल्या शब्दापर्यंत आल्या होत्या. फळा आता काळा, ओला, रिकामा होता. त्यांचे ओठ मात्र थांबले नव्हते. पुढचे शब्द त्यांना बघावे लागत नव्हते.

लालासाहेबांनी टॉवेल पिळता पिळता बायकोकडं पाहिलं.

"काय पुटपुटतीस?"

"काय न्हाई. वाचत हुते."

"पुसलंय की ते."

"व्हय," बनुबाई म्हणाल्या आणि किटली उचलून चालू लागल्या.

लालासाहेब टॉवेल हातात धरून बायकोच्या पाठीकडं बघत राहिले. पिळायचं अर्धं राहिलं होतं. पाणी त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर ठिबकत होतं. त्यांनी एकदा फळ्याकडं पाहिलं, एकदा बनुबाई गेल्या त्या वळणाकडं.

अण्णाप्पांनी ते पाहिलं. मान खाली घालून ते दुकान उघडायला गेले. दिवसभर गिऱ्हाईक आलं नाही.